समाजमंदिर, अडतीस मीटर

महादेवराव माणूस वाईट नाही, असं अकोल्यात कोणीही सांगेल. आवाज चढवणार नाही, शिवी देणार नाही, म्हातारं माणूस दिसलं की वाकून नमस्कार करणार. अशी गोड माणसंच घात करतात, हे धर्मपाल तायडेला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळायचं होतं. त्या दिवशी त्याला एवढंच दिसत होतं, की हा माणूस आपल्या खोलीत येऊन, खुर्चीत बसून पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोय, आणि थुंकायला बाहेर न जाता बसल्या जागेवरून उंबऱ्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारतोय. लाल ओघळ भिंतीवरून खाली येत होता. धर्मपालनं टेबलावरचे कागद अलीकडं ओढून घेतले.

"तं मंग कवा येता मोजाले?" महादेवरावानं विचारलं.

काम नकाशाचं होतं. धर्मपाल घरादुकानांचे नकाशे काढायचा. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापासून हाकेवर त्याची एक खोली. अर्ध्या खोलीत त्याचं ड्रॉइंगचं टेबल, अर्ध्या खोलीत नियाज टायपिस्टचं मशीन. महापालिकेनं दिलेलं नकाशे काढायचं लायसन भिंतीवर फ्रेम करून लावलेलं, आणि लायसन नंबरचा गोल शिक्का खणात कुलपात. त्या शिक्क्याचा त्याला फार अभिमान. घराण्यात शिक्का हातात आलेला तो पहिलाच.

पण दोन हजार सहा साल असं आलं की शिक्का असून उठवायचा कशावर, हाच प्रश्न. टीव्हीवाल्यांच्या गाड्या वऱ्हाडभर धुरळा उडवत फिरत होत्या, मंत्री येत होते, पॅकेज येतं म्हणत होते, पण घर काही कोणी बांधत नव्हतं. पूर्वी खेड्यातला माणूस एका कापसावर पाया खोदायचा आणि पुढच्या कापसावर स्लॅब टाकायचा. ती रीतच बसली. धर्मपालच्या टेबलावर आता एकच प्रकारचा नकाशा यायचा: बिअर शॉपीचा, परमिट रूमचा, देशीच्या दुकानाचा. पेरणी बुडो की पीक जळो, हा धंदा बुडत नाही बाप्पा! जो तो लायसनच्या मागं, आणि लायसनच्या फायलीला जागेचा नकाशा लागतोच. दुकानाचं दार कुठं, रस्ता कुठं, आणि पंचाहत्तर मीटरच्या आत शाळा नाहीतर धर्मस्थळ आहे की नाही, हे सगळं त्यात पाहिजे.

देशी दारूचं नवं लायसन सरकार देत नाही. कुठलं तरी जुनं विकत घ्यायचं आणि मंजुरी घेऊन पाहिजे तिथं हलवायचं. महादेवरावानं घेतलेलं लायसन अकोटकडच्या एका गावचं होतं. तिथल्या बायांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, दुकान गावाबाहेर हाकललं, गुलाल उधळला, पेपरात फोटोही आला. हाकललेलं दुकान गेलं कुठं, हे मात्र कोणी विचारलं नाही. एका अंगणातला केर दुसऱ्याच्या अंगणात लोटायचा, तसलाच प्रकार.

महादेवरावानं आधी नियाजला अर्ज टाइप करायला सांगून पाहिलं होतं. नियाजनं मशीनवरून मान वर केली आणि म्हणाला, "माफ करा साहेब, दारूचा कागद मी टाइप करत नाही."

"अरे, कागदाले वास येते काय?" महादेवराव हसला. धर्मपालही त्याच्यासोबत हसला. नियाजनं पुढचा कागद मशीनमध्ये घातला.

"जागा कोठी हाये?" धर्मपालनं विचारलं.

"सावरखेड. बार्शीटाकळीच्या अलीकडं, रोडले लागून."

धर्मपालच्या हातातली पेन्सिल थांबली. सावरखेडला त्याची सख्खी बहीण दिलेली होती. शालू.

माणसानं इथं नाही म्हणायचं असतं. एक शब्द, दोन अक्षरं, कुठं जीभ झिजत नाही. पण धर्मपालनं मनाशी म्हटलं, मी नाही गेलो तर दुसरा जाईल, आणि तो मीटर वाढवून मोकळा होईल. मी गेलो तर निदान खरं तरी लिहीन. शेण खाणाऱ्या माणसाजवळ असं एखादं धुतलेलं कारण नेहमीच असतं. त्याला महादेवरावाची किळस येत होती, खरीखुरी येत होती, आणि किळस येते म्हणजे आपण स्वच्छ आहोत असं त्याला वाटत होतं. किळस फुकट असते हो. काम परत करायला मात्र हिंमत लागते, आणि महिनाभर हात रिकामे असले की ती कुठं जाते देव जाणे. त्यानं मंगळवारी येतो म्हणून सांगितलं.

सावरखेडला दुकानासाठी घेतलेली जागा म्हणजे बंद पडलेलं कृषी केंद्र. बियाण्याच्या, फवारणीच्या औषधांच्या पाट्या अजून शटरवर होत्या. समोर डांबरी रोड, पलीकडं पाण्याची टाकी, आणि टाकीच्या बाजूला विहार.

अख्खं गाव त्याला विहारच म्हणायचं. निळ्या कठड्याची बैठी इमारत. आत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, सतरंज्यांची चवड. दर रविवारी सकाळी वंदना व्हायची, आणि ती घ्यायची शालू. पांढऱ्या साड्या नेसून बाया पंचशील म्हणायच्या. पाचव्या शीलाला, दारू शिवणार नाही म्हणताना, शालूचा आवाज मुद्दाम चढायचा. त्या आवाजानं वस्तीतले चार-दोन जण सुधारले होते. जे सुधारले नव्हते ते निदान रविवारी सकाळी तोंड लपवून जायचे, आणि एवढी लाज तरी गावात शिल्लक होती.

धर्मपालनं फितीचं टोक शटरच्या कडीला अडकवलं. माणूस चालेल तसं मोजायचं असतं, दारापासून दारापर्यंत. रोड ओलांडला, टाकीला वळसा घातला, विहाराच्या दाराशी फीत टेकवली. अडतीस मीटर. त्यानं पुन्हा मोजलं. अडतीस.

"दादा! कायची मोजणी करून राहिला?"

शालू टाकीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. धर्मपाल दचकला.

"रोडची," तो म्हणाला. "रोड मोठा होऊन राहिला म्हनते."

"जयभीम तं करशीन का नाई? का रोडवरूनच जाशीन आल्या पावली?"

तिनं त्याला घरी नेलं, चहा केला, भाकरी आणि जवसाची चटणी पुढं ठेवली. "रोड मोठा झाला तं विहाराचा कठडा जाईन काय रे?" ती विचारत होती. "तू पाह्य बरं जरा नकाशात. तुह्या हातात असंल तं वाचव." धर्मपाल खाली मान घालून खात होता. काही होत नाही कठड्याला, असं तो म्हणाला, आणि हे खोटं नव्हतं, म्हणून त्याला जरा बरंही वाटलं.

परतताना एसटीत मात्र त्याला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. अडतीस मीटर! पंचाहत्तर पाहिजेत आणि आहेत अडतीस. गेलं महादेवरावाचं लायसन मसणात. आता तो म्हणेल, तायडेभाऊ, अडतीसचे जरा अठ्ठ्याहत्तर करा. मग आपण शांतपणे म्हणायचं, महादेवराव, हा शिक्का विकाऊ नाही. वाक्य त्यानं तीन-चारदा मनात घोळवून पाहिलं. सावरखेडपासून अकोल्यापर्यंत तो ते ओठातल्या ओठात म्हणत होता.

आणि नकाशात त्या इमारतीला म्हणायचं काय, याचाही त्यानं फार विचार केला. इथंच सगळं बिघडलं, म्हणून नीट सांगतो. सरकारी पैसा विहार बांधायला मिळत नाही. वस्तीला मिळतं ते समाजमंदिर, सभा-समारंभासाठी. म्हणून वऱ्हाडात गावोगाव असंच आहे: कागदावर समाजमंदिर, आत बुद्धाची मूर्ती, आणि लोकांच्या तोंडी विहार. सावरखेडच्या भिंतीतही बसवलेली फरशी होती, 'समाजमंदिर, ग्रामपंचायत सावरखेड'. तिच्याकडं कोणी वर मान करून पाहत नसे.

धर्मपालनं आधी 'बुद्ध विहार' असंच लिहायचं ठरवलं होतं. पेन्सिलीनं लिहिलंही. मग त्याच्यातला शहाणा जागा झाला. फायलीवर सही करणारा साहेब कोण असेल, कोणत्या जातीचा असेल कोणाला माहीत. विहार वाचून त्यानं नाक मुरडलं तर? हे कायले मोजता, म्हणाला तर? त्यापेक्षा फरशीवरचं लिहावं. समाजमंदिर. शब्दातच मंदिर आहे! मंदिराच्या समोर दारूचं दुकान द्यायची छाती आहे का कोणा साहेबाची? जन्मभर ज्या शब्दानं आपल्याला बाहेर उभं केलं, त्याच शब्दाला आज कामाला लावू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं 'विहार' खोडरबरानं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी महादेवराव आला तेव्हा धर्मपालनं नकाशा त्याच्यासमोर पसरला आणि छाती काढून म्हणाला, "पंचाहत्तरच्या आत समाजमंदिर हाये, महादेवराव. अडतीस मीटर."

महादेवराव नकाशावर वाकला. शब्दावर बोट ठेवून त्यानं एकेक अक्षर वाचलं. मग खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"बरोबर हाये."

"मी आकडा बदलणार नाई. सांगून ठेवतो." घोकलेलं वाक्य वेळेवर आठवेना, म्हणून हे.

"काहून बदलाचा? जे हाये ते लिवा. एक मीटर इकडचा तिकडं करू नका. अन् हे अक्षर पेन्सिलीत हाये, ते शाईनं घट्ट करा ना. साहेबाले दिसलं पाहिजे."

माणूस इतका येडा असू शकतो? धर्मपालनं शाईचं पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: समाजमंदिर, अडतीस मीटर. खणाचं कुलूप काढलं, शिक्का उठवला, सही ठोकली. महादेवरावानं नकाशाची गुंडाळी काखेत मारली, जाताना वाकून नमस्कार केला, आणि दाराच्या कोपऱ्यात थुंकला. धर्मपालनं त्यामागून दोन तांबे पाणी ओतलं आणि दिवसभर शीळ घालत काम केलं.

संध्याकाळी त्यानं नियाजला नकाशाची झेरॉक्स दाखवली. कौतुकानं दाखवली, आपण कसा त्या माणसाचा गेम केला ते सांगत. नियाजनं चष्मा कपाळावर सारला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"धरमपाल, हे काय लिहून बसला बे तू?"

"काऊन? काय झालं?"

"आमच्या मोहल्ल्यातल्या दर्ग्यासमोर बार झाला, तुले माहीत नाई काय? शंभर वर्षाचा दर्गा. रजिस्टर कोठी हाये म्हनले. नव्हतं. झालं, खतम. कायदा देव पाहत नाई बावा, रजिस्टर पाहते. ट्रस्टची नोंदणी असंल तं धर्मस्थळ, नाई तं नुसत्या भिंती."

"पन समाजमंदिर..."

"समाजमंदिर म्हनजे काय? पंचायतीचा हॉल. लग्नाचा, बारशाचा, मीटिंगचा. त्यात मंदिर नावालेच. तू 'बुद्ध विहार, मूर्ती हाये, वंदना चालते' असं लिवलं असतं तं साहेबाले जाग्यावर जा लागलं असतं, चौकशी लागली असती, तवरिक तुह्या बहिणीनं नोंदणीचा अर्ज टाकला असता. तू सगळा रस्ताच झाडून देला त्याले. अन् वर सही-शिक्का."

धर्मपाल खाली बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. महादेवराव येडा नव्हता, येडा कोण होता ते टेबलावरच लिहिलेलं होतं, ठळक अक्षरात, स्वतःच्या हातानं. त्याला महादेवरावाचं ते बोट आठवलं, अक्षरावरून हळूहळू फिरणारं, आणि तळपायापासून शिसारी आली. नियाजनं त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला.

आठवड्यानं शालू अकोल्याला आली. ग्रामपंचायतीवर नोटीस लागली होती. हरकत असेल तर सुनावणीला या म्हणून. तिच्या पिशवीत सह्यांचे कागद, अंगठ्यांचे कागद, वंदनेचा एक फोटो. "दादा, आमाले कागदातलं काय समजते? तू आमच्याकडून चाल. तुले नकाशे समजतात." 

सांगायचं होतं तेव्हाच. तोंडापर्यंत आलंही होतं. धर्मपाल म्हणाला, "येतो ना."

उत्पादन शुल्क खात्याचं, लायसन देणारं ते ऑफिस, पण गावाकडची म्हातारी माणसं त्याला अजून दारूबंदी ऑफिस म्हणतात. दारूबंदी ऑफिसात दारूचं लायसन मिळतं, हे ऐकून हसायचं की रडायचं, ज्याचं त्यानं ठरवावं. सुनावणीच्या दिवशी सावरखेडच्या बारा-तेरा बाया पांढऱ्या साड्या नेसून व्हरांड्यात बसल्या होत्या. धर्मपाल दिसला तशी शालू उठली आणि बायांना म्हणाली, "माहा भाऊ आला." महादेवरावही आला होता. त्यानं लांबून हात जोडले. धर्मपालला त्यानंही बोलावलं होतं, फायलीत काही विचारलं तर असावा म्हणून. धर्मपाल दोघांच्या मधल्या भिंतीला टेकून उभा राहिला.

साहेब तरुण होता, बोलायला सरळ. त्यानं शालूचं सगळं ऐकून घेतलं. मूर्तीचं, वंदनेचं, पाचव्या शीलाचं. फोटो हातात घेऊन पाहिला.

"बाई, मला समजतंय," तो म्हणाला. "पण नोंदणी आहे का?"

"अर्ज टाकला हाये साहेब. परवा दिवशी."

"परवा. आणि पंचायतीच्या नोंदीत समाजमंदिर आहे. नकाशातही तेच." त्यानं नकाशा उलगडला. "मी कागदाच्या बाहेर जाऊ शकत नाही. आता नकाशा काढणाऱ्यानंच लिहून दिलं, की जागेवर प्रत्यक्षात मूर्ती आहे, नित्य वंदना होते, आणि हे नकाशात दाखवायचं राहिलं, तर मला फेरचौकशी लावता येईल. चौकशी होईपर्यंत मंजुरी थांबेल. तेवढ्यात तुमची नोंदणीही होईल कदाचित." त्यानं खालची सही वाचली. "धर्मपाल तायडे. आले आहेत का?"

शालूनं वळून पाहिलं. आधी तिला वाटलं, साहेबानं भावाला मदतीला बोलावलं. मग तिची नजर नकाशावर गेली, त्या गोल शिक्क्यावर गेली. तो शिक्का मिळाला त्या दिवशी तिनं अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते.

धर्मपाल पुढं आला.

"तुमचाच नकाशा ना?"

"हो साहेब."

"मग? लिहून देता? मात्र एक सांगतो. अपुरा नकाशा दिला असं तुम्ही लिहून दिलंत, तर मला महापालिकेला कळवावं लागेल. तुमच्या लायसनचं काय करायचं ते ते पाहतील."

महादेवराव मागून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सांगा ना धर्मपालभाऊ. नकाशात काही खोटं हाये काय? आपुन एक मीटरबी इकडचा तिकडं केला नाई."

खरंच, काहीच खोटं नव्हतं. आकडा खरा, शब्द खरा, सही खरी. सगळं खरं लिहून माणसानं इतकी घाण करावी! धर्मपालच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची फ्रेम आली, मग रिकामी भिंत आली. महापालिका काय करेल? सहा महिने बंद ठेवेल, कदाचित कायमचंच. घरी बायकोला, संध्याला, काय सांगायचं, पोरांच्या फिया कुठून भरायच्या, हे सगळं एका झटक्यात डोक्यातून गेलं. शालू त्याच्याकडं पाहत होती. रागानं नव्हे. तिला अजून खात्री होती, आणि ती खात्रीच त्याला सहन होईना.

"नकाशा बरोबर हाये, साहेब," तो म्हणाला.

साहेबानं मान हलवली आणि लिहायला घेतलं. बायांमधली एक म्हातारी, लीलाबाई, मोठ्यानं म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ!" तिला कोणी गप्प केलं नाही. शालूनं साहेबासमोरचा फोटो उचलला, पदरानं पुसला, पिशवीत ठेवला, आणि बायांना घेऊन निघाली. जिना उतरताना धर्मपालनं दोनदा हाक मारली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुकान दिवाळीआधी सुरू झालं. धर्मपालचं लायसन शाबूत राहिलं, आणि नुसतं राहिलं नाही, तर वाढलं म्हणा ना! कारण या धंद्यात बातमी लवकर पसरते. धामणगावकडून एक जण आला, दर्यापूरकडून एक आला. दोघंही बसल्या बसल्या तेच म्हणाले, "आमच्या जाग्यासमोरबी समाजमंदिर हाये साहेब. तुमी सावरखेडले काढला तसा नकाशा पाहिजे." धर्मपालनं दोघांना बाहेर काढलं. मोठ्यानं शिव्या देऊन काढलं, गल्ली जमली. त्यानं काय झालं? दोघांनीही त्याच्या नकाशाची झेरॉक्स मिळवली आणि दुसऱ्याकडून तसाच काढून घेतला.

शालू फोन उचलत नव्हती. शेवटी एका रविवारी सकाळी धर्मपाल सावरखेडला गेला. वंदनेची वेळ होती, म्हणून मुद्दाम तेव्हा गेला. चार बायांसमोर पाय धरीन म्हणजे ती नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब. इथंही हिशेबच!

फाट्यावर उतरला तेव्हा आठ वाजले होते आणि दुकान उघडलं होतं. आत जागा कमी, म्हणून गिऱ्हाईक रोड ओलांडून विहाराच्या पायऱ्यांवर बसलं होतं. सात-आठ जण असतील. पाण्याचे पाऊच, चण्याची पुडी, काचेचे ग्लास. कठड्याखाली फोडलेल्या पाऊचचा आणि बिड्यांचा थर साचला होता. एका कोपऱ्यात कोणीतरी ओकून ठेवलं होतं, त्यावर माशा घोंघावत होत्या. वास असा, की धर्मपालनं रुमाल नाकाला लावला. आणि मग त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"उठा! उठा इथून! लाजा नाई वाटत? विहार हाये हे!"

कोणी उठलं नाही. पहिल्या पायरीवर एक पिकल्या मिशांचा माणूस बसला होता, धुतलेला सदरा घातलेला. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि अगदी समजुतीनं सांगितलं, "रागावता काऊन भाऊ? विहार कोन म्हनते? वर पाटी वाचा ना. समाजमंदिर हाये. समाजासाठी बांधलं हाये सरकारनं. आमी काय समाज नोहो?"

बाकीचे हसले. कोणी त्याला ग्लास पुढं केला. धर्मपालनं मान वर करून त्या फरशीकडं पाहिलं. महादेवरावाची किळस यायची, या लोकांचीही आत्ता आली होती. आता ती सगळी फिरून एकाच माणसावर आली, आणि त्या माणसाला बाहेर काढून दार लावून घेण्याची काही सोय नव्हती.

शालू गल्लीतून आली. पांढरी साडी, पदर खोचलेला, एका हातात बादली, एका हातात खराटा. मागं तीन बाया. बाकीच्या यायच्या बंद झाल्या असाव्यात. तिला पाहून पिणारे कुरकुरत उठले आणि दोन पावलं सरकून कठड्याला टेकले, रोजचंच असावं. ती कोपऱ्याशी आली.

धर्मपाल धावला. त्यानं खराट्याला हात घातला. "दे शालू. मी धुतो. दे इकडं."

तिनं खराटा मागं घेतला. सुनावणीनंतर ती पहिल्यांदा त्याच्याकडं पाहत होती, आणि तिच्या नाकाजवळची कातडी आवळली होती, घाण पाहून आवळते तशी.

"तू नको हात लावू," ती म्हणाली. "ही ओकारी हाये दादा. धुतली का निंगून जाते. तू सरक."

धर्मपाल सरकला. तिनं बादली ओतली.